वाळूचं मतदान आणि मालूताई

"थांब. हा पुडा तुला कुणी दिला म्हणालीस?"

मालूताईंनी हे हळू आवाजात विचारलं, आणि मालूताई हळू आवाजात कधी बोलत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर त्या फोनवर बोलल्या की नवव्या मजल्यावर मला कळतं त्यांच्या सांगलीच्या बहिणीचा गुडघा कसा आहे ते. मी म्हणलं, काइचोच्या बायकोनं दिला. काइचो म्हणजे आमच्या तोक्योतल्या ओजिमाच्या ह्या सरकारी बिल्डिंगींचं रहिवाशांचं मंडळ आहे, त्याचा अध्यक्ष. त्याची बायको सकाळी दारात आली, तीनदा वाकली, तांदळाच्या बिस्किटांचा पुडा हातात दिला, खूप त्रास घेतलात असं कायतरी म्हणली आणि गेली. मी पण तीनदा वाकले. मला वाटलं ओवीसाठी असेल, पोरगी गोड आहे म्हणून.

"ती बाई कुणाला खोकला झाला तर तोसुद्धा फुकट देत नाही," मालूताई म्हणाल्या. "काय केलंस तू, सवे?"

मी खरंच काय केलं नव्हतं. फिरती पाटी आली, त्याच्यावर शिक्के मारले आणि शेजारच्या दाराला अडकवली, दर वेळेसारखी.

"शिक्के. किती?"

"सहा. आपला एक आणि गणपतीला गेलेल्या पाच घरांचे."

"नुसते पाटीवर, का आत कागद होते?"

"होते ना, सहा वेगळे कागद. प्रत्येकावर तो गोल होता. म्हणून तर मारले."

मालूताई चपला काढायच्या जागेत मटकन खाली बसल्या. ओवी पुडा फोडून खायला लागली होती. शनिवार दुपार होती, आणि रविवारी दहाला सभा होती, ज्या सभेसाठी ही बाई दोन महिने पायऱ्या चढत उतरत होती, आणि मी तिची सहा मतं उचलून समोरच्या पार्टीला देऊन बसले होते, आणि वर बिस्किटं घेतली होती.

आता हे सगळं नीट सांगायला पाहिजे नाहीतर तुम्हाला वाटेल मी येडी आहे. येडी मी आहेच, पण एवढी नाही.

मी हडपसरची, दहावी नापास, गणितात आणि इंग्लिशमध्ये. आमचे हे डिप्लोमा झालेले, टेस्टिंगचं काम करतात, कंपनीनं कॉन्ट्रॅक्टवर इथं आणलं. मला जपानी येत नाही, आणि इथं सगळं कागदावर चालतं. बिल्डिंगमध्ये काही सांगायचं असलं की एक पुठ्ठ्याची पाटी घरोघर फिरते. आज पाण्याची टाकी धुणार, उद्या भूकंपाची प्रॅक्टिस, कचरा असा टाका तसा टाका. वाचलं की आपल्या नावासमोर आपला शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या घराला द्यायची. सही इथं चालत नाही, शिक्का पाहिजे, बोटाएवढा, नावाचा. आणि पाटी अडकली तर सगळी लाइन अडकते आणि मग कुणीतरी येऊन दारात वाकून उभं राहतं, रागवत नाही, नुसतं वाकतं, ते जास्त भीतीचं. म्हणून आपले लोक गावी जाताना आपापले शिक्के माझ्याकडे ठेवून जायचे. वहिनी, तेवढं पाटीचं बघा. मी घरीच असते ना. एका डब्यात सगळे शिक्के, हिंगाच्या. मला जपानी एकच अक्षर यायचं, ते गोलातलं, जिथं शिक्का मारतात ते. गोल दिसला की मारायचा.

मालूताईंनी मला शंभर वेळा सांगितलेलं, पाटी आली की आधी मला दाखव. पण त्या दिवशी पाटी आली तेव्हा ओवीनं खाली खेळताना मूठभर वाळू तोंडात घातलेली होती आणि मी बेसिनपाशी तिला उलटी धरून तोंडात बोटं घालून वाळू काढत होते आणि रडत होते, ती पण आणि मी पण. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, पाटीतले ते सहा कागद त्याच वाळूबद्दल होते.

पण मालूताई कोण ते सांगते आधी.

भूकंप झाला त्या दिवशी मला पहिल्यांदा भेटल्या. ओवी तेव्हा नुसती रांगत होती. नववा मजला असा हलत होता की कपाटातली भांडी आपली आपण बाहेर यायला लागली, आणि मी पोरीला घेऊन टेबलाखाली जय जय करत बसलेले. लिफ्ट बंद. तर एक बाई सहा मजले चढून आली, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, केस पांढरे, अंगात कारखान्याचा ॲप्रन, आणि पहिलं वाक्य काय बोलावं, तर, "दार सताड उघडं ठेव, चौकट वाकली तर आत लोणचं होईल तुझं." दुसरं वाक्य, "मराठी ना? मला वाटलंच. जपानी बायका एवढ्या मोठ्यानं देवाला हाक मारत नाहीत."

त्या तीस वर्षांपूर्वी आल्या होत्या. नवरा शास्त्रज्ञ, कुठल्याशा संस्थेत पोलादावर काम करायचा, तो गेला, मुलगा लांब कुठे कॅनडात. मालूताई सकाळी डबे भरायच्या कारखान्यात बाइतो करायच्या, म्हणजे पार्ट टाइम. काम काय, तर भातावर गाजराचं फूल ठेवायचं. म्हणायच्या, "ह्यांनी आयुष्यभर पोलाद वाकवलं, मी गाजर. दोघांचं नाव पेपरात आलं नाही."

पेपर हा त्यांचा जीव होता. कारखान्याच्या चहाच्या खोलीतला कालचा पेपर त्या घेऊन यायच्या आणि अकरा वाजता खाली वाळूच्या खड्ड्याशेजारच्या बाकावर बसायच्या. आम्ही बायका पोरं घेऊन जायचो. मग मालूताई बातम्या सांगायच्या, मराठीतनं, आणि प्रत्येक बातमीला स्वतःचं शेपूट लावून. टीव्हीवर मोठे साहेब निळा कामगारांचा ड्रेस घालून बोलायचे ना भूकंपानंतर, फुटलेल्या अणुभट्टीचं सगळं ठीक आहे म्हणून. मालूताई म्हणायच्या, "त्याच्या बाहीची घडी बघ. मोडलेली नाही. कपाटातनं आत्ता काढलाय. ज्याच्या शर्टाची घडी मोडली नाही त्याला काय माहीत आत काय जळतंय." बातमी मेथीसारखी निवडायची, हे त्यांचं ठरलेलं, अर्ध्याच्या वर देठंच असतात.

आणि आपल्या इकडच्या बातम्यांनाही सोडायच्या नाहीत. भूकंपानंतर चारेक दिवसांनी एका मराठी चॅनेलला कुठनंतरी त्यांचा नंबर मिळाला. फोन आला. तिकडनं तो मुलगा विचारतो, मालतीताई, काय भीषण परिस्थिती आहे, आमच्या प्रेक्षकांना सांगा. मालूताई म्हणाल्या, मी कांदाभजी तळतीय. तो म्हणला, पण धोका किती आहे. ह्या म्हणाल्या, धोका आहेच, बेसन संपत आलंय. तो परत म्हणला, तुम्हाला रडू येत असेल. ह्या म्हणाल्या, येतंय ना, मी कांदा चिरलाय की. लाइन कट. माझ्या सासूनं ते हडपसरला बघितलं, आणि खाली पट्टी चालू होती, तोक्योत मराठी महिलेचा संपर्क तुटला. सासूनं तीन दिवस माझ्या नावानं देव पाण्यात ठेवले. मालूताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "संपर्क त्यांनीच तोडला. ही एकच बातमी त्यांनी स्वतः केली, म्हणून ती तेवढी खरी."

निवडणुकीला तर त्यांना सणच असायचा. वॉर्डाची निवडणूक आली की बागेच्या कुंपणाला लाकडाचा मोठा फळा लागतो, त्याच्यावर नंबर, आणि प्रत्येक नंबरावर एकेका उमेदवाराचा फोटो. मालूताई आम्हाला घेऊन त्या फळ्यासमोर उभ्या राहायच्या, मुलगी बघायला गेल्यासारख्या. हा फोटो दहा वर्षं जुना, आता हा टकला आहे, परवा मी स्टेशनवर बघितला. ह्यानं मूठ वळलीये, मूठ वळणारे कामाचे नसतात, त्यांचे हात आधीच गुंतलेत. ही बाई बरी आहे, पण हिला कुणीतरी सांगितलंय दात दाखव, बिचारीचा जबडा दुखत असेल. जाणारी येणारी जपानी माणसं बघायची, ह्या कोण परदेशी बायका फोटो बघून एवढ्या हसतायत.

मत त्यांना नव्हतं. पासपोर्ट निळाच ठेवला होता, बदलला नाही. सांगलीच्या यादीतनं नाव कधीच उडालेलं. पण एकदा एक उमेदवार पांढरे हातमोजे घालून आला, हात मिळवत, तर मालूताईंनी त्याचा हात धरूनच ठेवला. पाच मिनिटं. आमच्या गटाराचा वास, बागेतला दिवा, म्हाताऱ्यांना चढायला पायरीला दांडा नाही. तो बिचारा हो हो करत सगळं लिहून घेत होता. शेवटी त्यानं आशेनं विचारलं, मग मला मत देणार ना. मालूताई म्हणाल्या, मला मत नाही हो, मी भारतीय. आम्ही सगळ्यांनी त्याचा हात बघितला, झुरळ दिसल्यासारखा मागं गेला. मालूताई नंतर आम्हाला म्हणाल्या, "हात काढला, पण लिहिलेलं थोडंच पुसणार आहे." आणि खरंच, पंधरा दिवसात पायरीला दांडा बसला. अजून आहे. म्हाताऱ्या धरतात.

तर ही बाई. आणि हिनं वाळूचं काढलं.

भूकंपाला दीड वर्ष होत आलं होतं आणि आम्ही आया अजून त्या अणुभट्टीला घाबरलेल्याच होतो. पालक कुठला, दूध कुठलं, पाऊस अंगावर घेऊ का नको. कुणी म्हणायचं काही नाही, कुणी म्हणायचं पोरांच्या नाकातनं रक्त येतं. मला कुणाचंच खरं वाटायचं नाही आणि सगळ्यांचंच खरं वाटायचं. मालूताईंनी कुठनंतरी रेडिएशन मोजायचं यंत्र आणलं, ओळखीच्या एका संशोधकाकडनं, आणि बागेत सगळीकडे फिरवलं. बाकी ठिकाणी गप्प होतं. वाळूच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात, जिथं छपराचं पाणी पडतं तिथं, जरा जास्त किरकिरलं. त्या म्हणाल्या, घाबरायचं एवढं नाही, पण पोरं जे तोंडात घालतात त्याच्याबाबतीत मला एवढं तेवढं चालत नाही, वाळू बदला. बिल्डिंगच्या ऑफिसनं सांगितलं, रहिवाशांच्या मंडळानं लेखी मागितलं तर बदलू, एकट्या बाईच्या सांगण्यावर नाही. आणि काइचो म्हणे, लेखी मागितलं की पेपरात येणार, पेपरात आलं की बिल्डिंगचं नाव खराब होणार. माणूस वाईट नव्हता. झाडांना पाणी घालायचा. पण त्याला आवाज नको होता, कशाचाच.

म्हणून मतदान. एका घराला एक मत, आणि इथं पासपोर्टचा रंग बघत नाहीत, जो राहतो त्याला मत. मालूताईंनी दारोदार जाऊन मोजलं होतं, कोण इकडे, कोण तिकडे. अगदी काठावर. "आयुष्यात पहिल्यांदा मला निवडणुकीत उभं राहिल्यासारखं वाटतंय," म्हणायच्या, "आणि माझं चिन्ह वाळू."

त्या सहा कागदांवर काय होतं ते मालूताईंनी मला तिथं चपलांमध्ये बसून वाचून दाखवलं, त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचा कोरा कागद होता त्याच्यावरनं. मी सभेला येऊ शकत नाही, माझं मत अध्यक्षाला देतो, ते देतील ते मला मान्य. खाली घर नंबर, आणि गोल.

मी म्हणलं, मी जाते आणि काइचोकडनं परत मागते. मालूताई म्हणाल्या, "तुझा एक परत येईल. स्वतः सभेत जाऊन बसलीस की तुझा कागद आपोआप रद्द, तसा नियमच आहे. पण ते पाच जण तिकडे मोदक खातायत. त्यांचे कागद एकाच गोष्टीनं रद्द होतील, शिक्के त्यांनी मारलेले नाहीत, हे कुणीतरी उभं राहून सांगितलं तर."

कुणीतरी म्हणजे मी.

"मी सगळं बोलीन," त्या म्हणाल्या. "तुला जपानी यायची गरज नाही. मी विचारीन कुणी मारले, तू नुसता हात वर करायचास. करशील?"

मी म्हणलं करीन. देवाशप्पथ तेव्हा मी करणारच होते.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे आधी उठून दार लावून आले. मग म्हणले, सविता, दुसऱ्याचा शिक्का मारणं म्हणजे इथं काय आहे माहितीये का, आपल्याकडं खोटी सही करण्यासारखं आहे, पोलीस केस होते. आणि पुढच्या महिन्यात व्हिसाचं रिन्युअल आहे. तू सभेत जा, बस, पण हात वर केलास तर आपण तिघं विमानात बसायचं, एवढं लक्षात ठेव. ते रागावले नव्हते, घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाशी मला भांडता येत नाही कारण मी पण तशीच.

सभा खालच्या हॉलमध्ये. सगळे चपला काढून, घडीच्या खुर्च्यांवर, गप्प. मी मागच्या ओळीत, ओवी मांडीवर. काइचो पुढं टेबलाशी, समोर कागदांचा गठ्ठा. मालूताई उठल्या. त्यांचं जपानी कसं होतं मला कळत नाही, पण त्या बोलल्या की लोक हसायचे, त्या दिवशी पण दोनदा हसले, काइचोसुद्धा एकदा. मग त्यांनी गठ्ठ्याकडे बोट करून पाच घरांचे नंबर सांगितले. काइचोनं पाच कागद वेगळे काढले, चष्मा लावून बघितले. मग सगळ्यांकडे बघून काहीतरी विचारलं, हळू, अगदी नम्र. मला शब्द कळले नाहीत पण प्रश्न कळला. त्या हॉलमध्ये तेवढं एकच काय ते मला कळलं.

मालूताई वळल्या आणि माझ्याकडे बघितलं.

माझा हात ओवीच्या पोटावर होता. तो तिथंच राहिला. मी त्याला उचल म्हणत होते, खरंच, आतनं ओरडत होते, पण तो माझा नव्हताच जसा. ओवीनं मला विचारलं, मम्मी काय झालं, कारण मी तिला जास्त दाबत होते. मालूताई बघत राहिल्या. रागानं नाही. त्या फळ्यावरच्या फोटोंकडे बघायच्या तशा, हा माणूस काय करेल आणि काय करणार नाही हे ओळखल्यासारख्या.

मग त्या पुढं वळल्या आणि म्हणाल्या, "वाताशी देस."

एवढं जपानी मला येतं. मी आहे.

लोकांनी एकदम आत श्वास घेतला. स्वतःच्याच विरुद्ध शिक्के कोण मारेल, हे कुणी विचारलं नाही. काइचोनं पाच कागद बाजूला ठेवले, लाल पेननं रेघ मारली. मग मोजणी झाली. आम्ही जिंकलो, दोन मतांनी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालूताई हात जोडून आपल्यासारखा नमस्कार करून बसल्या.

दोन आठवड्यांत वाळू बदलली. ट्रक आला, जुनी गेली, नवीन आली, पांढरी, ओली, आणि पेपरात काहीसुद्धा आलं नाही. मालूताईंनी रोज शोधलं. "बघ," म्हणाल्या, "एवढं मोठं आंदोलन आणि चार ओळी नाहीत. काइचो उगाच घाबरला. पेपरवाले आपल्याला एवढं विचारत नाहीत."

पण शिक्क्यांचं मिटलं नव्हतं. मंडळानं पोलिसात वगैरे दिलं नाही, इथं तसं करत नाहीत, इथं माफी मागायला लावतात. मालूताई तिसऱ्या मजल्याच्या प्रमुख होत्या, त्यावरनं त्यांना काढलं आणि प्रत्येक घरी जाऊन माफी मागायची ठरली. प्रत्येक घरी, एक छोटा टॉवेल कागदात गुंडाळून, वाकून. चार दिवस त्या फिरत होत्या कारखान्यातनं आल्यावर. गुडघे त्यांचे बहिणीपेक्षा वाईट होते.

माझी बेल वाजली तेव्हा मी दाराच्या भोकातनं बघितलं आणि उघडायला भ्याले. उघडलं. मालूताई वाकल्या, पूर्ण, जपानी वाकतात तशा, आणि पाठ केलेलं सगळं जपानीत म्हणाल्या. मी म्हणलं, मालूताई, असं नका करू, मला नका. त्या तशाच वाकलेल्या, जमिनीकडे बघत मराठीत म्हणाल्या, "काइचोची बायको जिन्यात उभी आहे, याद्या करतीय. सरळ उभी राहा आणि टॉवेल घे."

मी टॉवेल घेतला. त्यांनी डोकं वर केलं आणि डोळा मारला. मला मारायला पाहिजे होतं त्यांनी, थोबाडीत.

मग गणपतीला गेलेले परत आले. त्या पाच घरांना पण टॉवेल गेले. आणि आपले लोक जपान्यांसारखे नाहीत ना, आपले तोंडावर गोड आणि पाठीमागं. जोशीवहिनी मला म्हणल्या, बघ ना, एवढी शिकलेली बाई, आमचे शिक्के कुठनं घेतले कुणास ठाऊक, तुझ्या डब्यातनं उचलले का गं. मी म्हणलं, मला माहीत नाही. एवढं बोलले मी. मला माहीत नाही. त्यानंतर सगळ्यांनी आपापले शिक्के परत नेले, आणि मला सॉरी म्हणले, की तुझ्यावर उगाच जबाबदारी टाकली. दिवाळीच्या फराळाला मालूताईंना कुणी बोलावलं नाही. अकराच्या बाकावर आता त्या एकट्या बसायच्या, पेपर घेऊन. मी वरनं बाल्कनीतनं बघायचे. ओवी नव्या वाळूत खेळायची, मी तिला दुपारी न्यायला लागले, अकराला नाही.

व्हिसा झाला. तीन वर्षांचा. हे पेढे घेऊन आले.

जानेवारीत मालूताई निघाल्या. हिगाशी-कसाईला, कारखान्याजवळ, एका खोलीत. त्या म्हणाल्या, पायऱ्या होत नाहीत आता. मी ते खरं मानलं. मानायला बरं होतं.

त्या दिवशी सकाळी छोटा ट्रक आला होता. खाली आपल्या बायका उभ्या होत्या, पोरांना शाळेच्या बसला सोडायला आलेल्या, पाचही जणी. काइचो झाडांना पाणी घालत होता. मालूताई रद्दीचे गठ्ठे बांधत होत्या, इथं पेपर दोरीनं बांधूनच टाकावे लागतात, आणि बांधता बांधता एखादा काढून परत वाचत होत्या. मी गेले. मनाशी पक्कं केलं होतं. सगळ्या इथंच आहेत, काइचोपण आहे, व्हिसा झालाय, आता काय राहिलं. मी गठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूला बसले, दोरीवर बोट धरलं, आणि म्हणलं, "मालूताई, मी आत्ता सगळ्यांना—"

"गप बस," त्या म्हणाल्या, गाठ मारत. "शिळी बातमी कोण छापतं."

मग पोरीला बोलावून तिच्या गालावरनं हात फिरवला, हाताला गाजराचा वास. काइचोला वाकल्या, तो पण वाकला, जरा जास्तच खाली. बायकांना नमस्कार केला, त्यांनी मोबाइल बघितले. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसल्या, खिडकी खाली केली, आणि ट्रक अजून गेटपाशीच होता तेवढ्यात त्या ड्रायव्हरला काहीतरी विचारायला लागल्या, बोट नाचवत, आणि त्याचं तोंड असं झालं की आता कुठल्या पक्षाचं नाव घेऊ. गाडी वळली. पांढरे केस आणि ते बोट, एवढंच दिसलं.

माझ्या शेजारी जोशीवहिनी उभ्या होत्या. म्हणल्या, "गेली एकदाची."

माझ्या कडेवर ओवी होती. काइचोनं पाण्याचा नळ बंद केला होता, सगळं शांत होतं, एवढं की मी हळू बोलले असते तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. आणि मी म्हणलं, "हो ना."

त्या गप बस म्हणल्या होत्या, हे मी स्वतःला रोज सांगते. पण त्यांनी हो ना म्हण असं काही सांगितलं नव्हतं. तुम्ही हसाल मला, हसा. पण पोर कडेवर आहे, नवरा वर झोपलाय, पाच जणी तुमच्याकडे बघतायत आणि ती बाई आत्ताच कोपऱ्यावरनं वळलीये. तुम्ही काय म्हणाला असता?